जरीचा काठ

मिरजेच्या फलाटावर बाबा म्हणाले होते, "बँकेची बदली ती. दोन-तीन वर्षांत परत येशील." गाडी हलली आणि मी चांगली ढसाढसा रडले. चेन्नई म्हणजे माझ्या लेखी जगाचं टोक होतं. मिरजेचे तुम्ही सगळे अजून विचारता, परत कधी येणार? आज एकदाचं सांगून टाकते.

इथे चेन्नईत, वेस्ट मांबलमच्या घरी पहाटे जिन्यातून फिल्टर कॉफीचा वास येतो आणि अर्धवट झोपेत मला कळतच नाही, मी कुठल्या गावात आहे. राघव झाला ते दिवसही मला असेच आठवतात, पाण्याखालून पाहिल्यासारखे. जन्मताना त्याला प्राणवायू कमी पडला. तो रडलाच नाही. मेंदूला इजा वाढू नये म्हणून त्याला गार गादीवर ठेवलं होतं. मी हळूच बोट लावलं, तर गाल गार. मी फार घाबरले होते.

मग मेंदूचा एमआरआय ठरला. एवढ्या लहानग्याला गुंगीचं औषध देत नव्हते. पोटभर पाजायचं, घट्ट गुंडाळायचं आणि आपोआप झोपू द्यायचं. आईनं दुपट्यासाठी आपली सगळ्यात मऊ सुती साडी आणली होती, माझ्या बारशाला नेसलेली. तिनं त्याला छान गुंडाळलं, तोच मशीनवरच्या बाई पुढे आल्या. तंजावरकडच्या मराठी. तमिळ हेल काढत म्हणाल्या, "अम्मा, हा जरीचा काठ आत नको, त्यात धातू असतो. आत मोठं लोहचुंबक आहे."

आईनं काठ दातात धरला आणि टर्रकन फाडला. "जर गेली खड्ड्यात. पोरगं झोपू दे."

तो झोपला. आत मशीन ठकठक करत राहिलं, शेजारी कुणी घर बांधत असावं तसं.

डॉक्टरांनी चित्र दाखवलं. करड्या मेंदूत, उजवीकडे खोलवर, छोटासा पांढरा डाग. डावा हात मागे राहू शकतो, म्हणाले. किती, ते आत्ता नाही सांगता येणार. तेव्हापासून रोज थेरपी. तिथल्या अक्का त्याच्याशी तमिळमध्ये बोलतात, म्हणून हाही तमिळमध्येच हसतो, असं आई चिडवते. परतीची बदली आली, ती मी नाकारली.

यंदा सुट्टीत मिरजेला तुम्ही सगळे अंगणात जमला होतात. राघवनं माझा पदर ओढला. "आई, वीट्टुक्कु चल." घरी चल. तुम्ही हसलात, अरे, हेच तुझं घर.

मी पदराकडे बघत होते. त्यानं तो डाव्या हातानं धरला होता.

मी उठले आणि बॅग भरायला घेतली.