कस्तुराबाईनं शोधलेला आड

लातूरचा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. साहेब आले, कचेऱ्या आल्या, रंगवलेल्या पाट्या आल्या. नळाला पाणी तेवढं येईना. त्या दुष्काळात आठवड्यातून एकदा टँकर यायचा, तोही मोठ्या रस्त्याला. कस्तुराबाईच्या बोळात सायकल आली तरी माणसाला भिंतीला चिकटावं लागे.

पण कस्तुराबाईला खरी चिंता टँकरची नव्हती, शेजारच्या तुळजाबाईची होती. तीस वर्षांची मैत्रीण, भांडायला हक्काची! तिचा मुलगा विष्णुपुरीच्या कॉलेजात नोकरीला. "तिथं मोठी नदी हाय. सोमवारी येतो अन् तुला घेऊनच जातो," असं तो आईला बजावून गेला होता. तुळजाबाईनं ट्रंक भरायलाही घेतली.

"पाण्यापायी चाललीस व्हय गं?"

"मग काय तुझ्या तोंडाकडं बघून तहान भागंल?"

"पाणी मी काढून दाखवते. सोमवार लांब हाय."

त्या दिवशी गुरुवार होता.

नळ यायच्या आधी बोळात आड असणारच, एवढं कस्तुराबाईला ठाऊक होतं. कुठं, ते गड्यांना विचारून उपयोग नव्हता. पण बाळंतीण सव्वा महिन्यानं हळदकुंकू घेऊन आडावर पाणी पुजायला जाते, आणि पहिल्या लेकराच्या वेळी कुठं गेलो ते कुठलीच बाई विसरत नाही. म्हणून ती म्हाताऱ्या बायकांकडं निघाली. ज्या बोळातून तीस वर्षं ती नुसती बाजाराला गेली, तिथली माजघरं तिनं आता पाहिली. वाटेत कुणाची सून रुसली, कुणाच्या लोणच्याला बुरशी आली, हेही कळलं. तेवढी मजुरी तिनं घेतलीच. पण एका आडाचा संडास झाला होता, दुसऱ्यावर देवाचा ओटा.

शनिवारी ती बोळाच्या टोकाला गंगम्माकडं गेली. वय ऐंशी, कान अधू, जीभ मात्र शाबूत.

"शेषेरावच्या आईनं उंबरा वलांडलाच न्हाई," गंगम्मा म्हणाली. "घरातच पुजला आड. मीच डोकावून बघितलं होतं!"

शेषेराव अजून त्याच घरात राहायचा. जिल्हा झाल्यावर कचेरीतल्या कारकुनाला भाड्यानं द्यायला त्यानं मागच्या खोलीत शहाबादी फरशी घातली होती. विचारलं तर म्हणाला, "आमच्यात आड नव्हताच, काकू. वय झालं तुमचं."

कस्तुराबाई हो म्हणाली. तो मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, गेल्यावर मात्र पदराखाली खलबत्त्याचा बत्ता घेऊन तिनं कारकुनाची बायको पार्वतम्मा हिचं दार वाजवलं. सगळं सांगितलं आणि फरशी ठोकायला बसली. कपाटापाशी आवाज घुमला.

पार्वतम्मा रोज टँकरच्या रांगेत उभी राहून वैतागलेली. ती म्हणाली, "मावशी, आमच्या ह्यांना सांगू नका. पहार कुठं मिळंल तेवढं सांगा."

बोळातल्या आणखी दोघींना बोलावून चौघींनी कपाट सारलं, फरशी उचकटली, खालची दगडी शिळा सरकवली. तेवढ्यात शेषेराव आला.

"काय करायल्यात हे! घर हाय का खाण?"

"तुझ्याच बारशानंतर पुजलेला आड हाय," कस्तुराबाई म्हणाली. "अन् तूच त्याला झाकून वर कपाट ठेवलंस. आईचं नाव सांगत जाऊ नकोस."

दारात गंगम्मा येऊन उभी होती.  तिला बघून शेषेरावच दोर आणायला गेला. सात परसावर, सात माणसांच्या उंचीएवढ्या खाली, बादली बुडल्याचा आवाज आला. पहिला दिवस गाळ उपसण्यातच गेला.

सोमवारी तुळजाबाईचा मुलगा आला तेव्हा शेषेरावच्या खोलीपासून बोळापर्यंत घागरींची रांग लागली होती. ट्रंक उचलून तो म्हणाला, "चल आई, गाडी रस्त्याला उभी हाय."

"ठेव ती खाली," तुळजाबाई म्हणाली. "आता माझाच नंबर हाय. अन् ही कस्तुरा मधे घुसायलीय, तिला आधी बाजूला कर."