माझं दुखणं आणि बेंबळीची पाहुणी

मुलांनो, फोनवर तुम्ही विचारता, "आजी, तब्येत कशी आहे?" आणि मी "उत्तम" म्हणते. ते खरं नसतं. डाव्या हाताला मुंग्या येतात, छाती एकाएकी धडधडू लागते आणि घशात सुपारीएवढं काहीतरी येऊन बसतं. पण हे सगळं माझ्या लग्नानंतर लगेचच सुरू झालं आणि त्याचं कारण आजवर कुणालाही सापडलेलं नाही. त्यामुळे तुम्ही उगीच घाबरू नका. घाबरण्याचं काम मी एकटीनं पुरेसं केलं आहे.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. मी सोलापूरची, म्हणजे इंग्रजी मुलखातली, मिशनच्या शाळेत शिकलेली. नळदुर्गला धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरात दिली. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर छातीला नळी लावत आणि माझ्याऐवजी सासूबाईंना सांगत, "कुछ नहीं है, अम्मा." सोलापूरच्या डॉक्टरांनी तेच इंग्रजीत सांगितलं. हकीमसाहेब तेवढे भले. त्यांनी एकदा उष्णता सांगितली, पुढच्या खेपेला थंडी सांगितली, पण काहीतरी आहे हे तरी मान्य केलं. मला मात्र खात्री होती, की माझं हृदय आज-उद्या बंद पडणार. धडधड थांबली की जास्तच भीती वाटे. आता थांबलं ते कायमचं तर नाही ना, म्हणून मनगट धरून बसायची.

पण मरणापेक्षाही जवळचं एक संकट होतं. लग्नाला चार वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता आणि त्यात सून आजारी. तेव्हा अशा घरी दुसरी बायको आणणं ही अगदी रीतीची गोष्ट होती. पाहुण्या बायका माझी विचारपूस करून निघताना तुमच्या आजोबांकडे अशा बघत, जणू बाजारात पुन्हा विक्रीला आलेला बैल.

एक दिवस सासूबाईंनी निदान केलं, "बेंबी सरकलीय. बाकी काय बी न्हाय." त्यांनी मला उताणं निजवलं, पोटावर कणकेचा दिवा ठेवून पेटवला आणि वर लोटी पालथी घातली. दिवा विझला, लोटी पोट आत ओढून घट्ट चिकटली. तेवढ्यात दारात बैलगाडी थांबली. बेंबळीहून सासूबाईंची धाकटी बहीण आली होती. सोबत तिच्या दिराची मुलगी, सतरा-अठरा वर्षांची, गोरी आणि ठणठणीत.

मी घाईनं उठून बसले, लोटीवर पदर ओढला. मावशींची नजर माझ्या पोटावर गेली आणि चेहरा पडला.

"अगं अक्का, कळवायचं तरी! कितवा म्हैना?"

सासूबाई उत्तर देणार, तोच लोटी सुटली आणि ठणठणत थेट मावशींच्या पायाशी गेली. मावशींनी ती उचलली, आत डोकावून बघितलं. त्यांना इतका आनंद झालेला मी पुन्हा कधी पाहिला नाही.

"पोरगी ऱ्हाईल थोडे दिस," त्या म्हणाल्या. "तुमच्या सुनंला हातभार."

हातभार कसला ते मला कळलं, सासूबाईंनाही कळलं. त्यांनी पोरीचं गाठोडं आत नेऊन ठेवलं, म्हणजे त्यांनी विचार करायला घेतला होता. पोरीला मात्र काहीच ठाऊक नव्हतं. ती भाकऱ्या सुरेख थापायची, माझे पाय चेपायची. एकदा पाय चेपता चेपता तिनं विचारलं, "वैनी, मुंग्या येत्यात म्हंजे कसं व्हतं वो?"

इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. ही माझी सवत व्हायला आली आहे हे पुरतं ठाऊक असूनही मी उठून बसले आणि तिला सगळं क्रमानं सांगितलं. मुंग्या करंगळीतून निघतात, कोपरापाशी थबकतात, मग छाती. शाळेच्या बाईंनी लग्नात दिलेलं घरगुती वैद्यकाचं जाड इंग्रजी पुस्तक होतं, त्यातलं हृदयविकाराचं प्रकरणही मराठी करून ऐकवलं. ती डोळे विस्फारून ऐकत राहिली. असा श्रोता मिळाल्यावर कोण थांबतं? दुसऱ्या दिवशी मूत्रपिंडं झाली.

आठवडाभरात भाकरी थापताना तिचा हात मध्येच थांबू लागला.

"वैनी, करंगळीतूनच निगतंय बगा."

मग तिच्या घशात सुपारी आली. एका सकाळी ती चुलीपुढं रडत बसली, "माजं काळीज बंद पडतंय, मला आईकडं न्या." सासूबाईंनी तिची बेंबी बसवली. उपयोग झाला नाही. डॉक्टर म्हणाले, "कुछ नहीं है." ते ऐकून ती आणखी मोठ्यानं रडू लागली आणि मला तिचं अगदी मनापासून पटलं.

निरोप गेला. मावशी धावत आल्या. पोरगी कोपऱ्यात मनगट धरून बसलेली.

"चांगली पोर दिलती मी," मावशी कडाडल्या. "ह्या घरात कायतरी हाय, अक्का! न्हायतर आल्या आल्या अशी व्हती का ती? मी गावभर सांगनार."

"सांग की. जाताना वाटंतल्या गावात बी सांग," सासूबाईही चिडल्या. "माझ्या घराला नावं ठिवतीस?"

गाडी निघाली. मावशी शब्दाच्या पक्क्या होत्या. बेंबळीपासून लोहाऱ्यापर्यंत बातमी गेली. पोरगी माहेरी गेल्यावर बरी झाली आणि पुढं तिचं चांगलं लग्न झालं, हेही सांगून ठेवते.

गाडी गेली त्या दिवशी सासूबाई उंबऱ्यावर येऊन बसल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आता तूच जग, बाई. दुसरी कोन येतीय इथं?"