दिवसाचा लखू

रामनगरच्या बसस्टँडसमोर शिवानंदचं फोटोचं दुकान आहे. काउंटरवर त्यानं मुद्दाम पिवळा दिवा लावलाय. त्या उजेडात गिऱ्हाइकाला आपला चेहरा आवडतो. जंगलातल्या गावांत कुणी वारलं, की घरची माणसं मोबाइलमधला एखादा हललेला फोटो घेऊन त्याच्याकडेच येतात. शिवानंद मागची गर्दी पुसतो, चुरगळलेली कॉलर सरळ करतो आणि सगळं ब्लॅक अँड व्हाइट करून देतो. रंग काढले की माणूस मानाचा दिसतो, असं तो म्हणतो.

दुकानात दोन प्रिंटर. एकात काळी आणि करडी शाई वेगवेगळी भरलेली; त्यावर छापलेला फोटो कुठल्याही उजेडात करडाच राहतो. ती शाई बेळगावहून मागवावी लागते, म्हणून तो प्रिंटर लग्नाच्या अल्बमसाठी राखलेला. दुसरा साध्या शाईचा. तो निळा, गुलाबी आणि पिवळा एकमेकांत मिसळून करडा रंग तयार करतो. पिवळ्या दिव्याखाली दोन्ही फोटो सारखेच दिसतात. एकदा असा एक फोटो दारात वाळवायला नेला, तेव्हा उन्हात गालांवर हिरवी झाक आलेली शिवानंदनं पाहिली होती. ‘चुलीच्या धुरात तर टांगणार,’ तो मनाशी म्हणाला, ‘कोण उन्हात नेऊन बघतंय!’ तेव्हापासून गेलेल्या माणसांसाठी दुसरा प्रिंटर, हे ठरूनच गेलं.

बाजारकुणंगचा लखू फांद्या तोडताना झाडावरून पडून वारला. त्याचा फोटोही त्या दुसऱ्या प्रिंटरमधूनच निघाला.

यंदा त्याच गावात बारशाचे फोटो काढायला शिवानंद गेला होता. लखूच्या बायकोनं, यमुनानं, त्याला चहाला बोलावलं. दारातून आलेलं ऊन समोरच्या भिंतीवर पडलं होतं. तिथं लखूचा फोटो होता, पण त्यावर टॉवेल टाकलेला.

“धूळ बसते काय?” त्यानं विचारलं.

शेजारची केशर हसली. “धूळ कुठली! आमचे लखूभावजी दिवसा पडद्यात असत्यात. दिवा लावला की दर्शन. उळवीच्या देवाला बी एवढा थाट न्हाई.”

“गप गे तू,” यमुना म्हणाली. केशर आपल्या पोराला घेऊन बाहेर गेली, तसा यमुनानं आवाज खाली आणला. “दिवसा रागावत्यात, अण्णा. तोंड हिरवं पडतंय. त्या दिवशी आमचं भांडाण झालं, म्या ताट वाढलं न्हाई. तसंच उपाशी झाडावर चढलं. दिवसाउजेडी बघवत न्हाई मला. पण सांजच्याला दिवा लावला की निवळत्यात. मग दिवसभरातलं सगळं सांगत बसती मी त्यास्नी.”

तिनं टॉवेल उचलला. शिवानंदनं बघितलं न बघितलंसं केलं.

“काचेमुळं होत असंल,” तो म्हणाला. “काच बदलून देतो.”

“काचेचं न्हाई वो. माझंच हाय ते.”

दुसऱ्या दिवशी त्यानं लखूचा फोटो अल्बमच्या प्रिंटरवर छापला आणि भर उन्हात रस्त्यावर जाऊन उभा राहिला. कधी स्टँडच्या छपराखाली, कधी पिंपळाच्या सावलीत, फोटो फिरवून फिरवून बघत. “काय शिवानंद, दुकान विकून फेरीवाला झालास काय?” चहावाल्या महेशनं हाक दिली. शिवानंदला हसू आलं नाही. कुठल्याही उजेडात लखू जसाच्या तसा होता. त्याच्या मनात भिंतींमागून भिंती येत होत्या. कुठल्या घरात आणखी कुणी टॉवेल टाकला असेल, काय ठाऊक.

तो संध्याकाळच्या सुमारास पुन्हा बाजारकुणंगला गेला. अजून ऊन होतं. अंगणात त्यानं दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले.

“यमुनाक्का, तो राग न्हाई. शाई हाय. चांगली शाई माझ्याकडं होती. मी वापरली न्हाई.”

नव्या फोटोवरून तिनं बोट फिरवलं, ऊन अडेल असा हात धरून पाहिला, काढून पाहिला.

“म्हंजे रागावलं न्हवतं?”

“न्हाई.”

तिनं पदरानं तोंड पुसलं. चेहरा एकदम हलका झाला होता. मग काहीतरी आठवल्यासारखी ती थांबली.

“मग सांजचं निवळायचं, ते बी शाईचंच?”

शिवानंदनं जुना फोटो उचलून पालथा ठेवला.

यमुनानं नवा फोटो आत नेऊन टांगला. टॉवेलाची घडी केली; कुठं ठेवावी ते कळेना, म्हणून हातातच धरून राहिली. “दिवा लावूस्तवर थांबा,” ती म्हणाली. अंधारून आलं, तिनं दिवा लावला. लखूचा चेहरा उन्हात होता तसाच राहिला. ती त्याच्यासमोर थोडा वेळ उभी होती. बोलली मात्र काही नाही.

शिवानंद जायला उठला.

“बसा,” ती चुलीकडे वळत म्हणाली. “ह्या घरातनं उपाशी कुणाला धाडत न्हाई मी आता.”

तिनं ताट वाढलं. शिवानंद आधी भिंतीकडे पाठ करून बसला. तेही बरं वाटेना, तेव्हा पुन्हा वळून, लखूसमोर बसून जेवू लागला.