केळव्याचे हरीकाका आणि त्यांची गोळी

हरीकाका सुटले, असं सकाळपासून सगळे म्हणतायत.
मला नाही म्हणवत.

माझ्या बऱ्याच मित्रमैत्रिणींना ते माहीत नसतील. मी पालघरला राहते, घरी जाऊन पेशंट बघणारी नर्स आहे. केळव्याचे हरीकाका माझे पेशंट. पार्किन्सन्स.

अख्खा जन्म त्यांनी सुपारीच्या वाडीत काढला. झाडावर चढायचे, शेंड्याला झोका द्यायचे आणि खाली न उतरता वरच्या वर दुसऱ्या झाडावर जायचे. गावात अजून लोक सांगतात.
मी पाहिलं तेव्हा त्यांच्या हातात चहाचा कप राहत नव्हता.

माझं काम म्हणजे पार्किन्सन्सची ती गोळी, आणि तिच्याभोवतीचा दिवस.
गोळी वेळेवर, जेवणाच्या बरीच आधी. डाळ, मासे, दूध नंतर, नाहीतर गोळी नीट लागत नाही. ती लागू पडेपर्यंत थांबायचं, मग आंघोळ, मग ओटीपर्यंत चालणं. उशीर झाला की काका उंबऱ्यातच अडकायचे. पाय उचलायचाच नाही.

चांगल्या वेळात शर्टाची बटणं स्वतः लावायचे.
"बघ सिस्टर, मी हाय अजून."

मग गोळी पुरेना. डॉक्टरांनी डोस वाढवला. आखडलेले हातपाय सुटले.
आणि घरात माणसं यायला लागली.

ओटीवर पाहुणे बसलेत म्हणायचे. बायकोला, सुलूकाकूंना, चहा टाकायला सांगायचे. पहिल्यांदा काकूंनी खरंच टाकला.
मग एका दुपारी त्यांनी काकूंनाच ओळखलं नाही. ही बाई घरात कशी शिरली म्हणून कोयता शोधायला लागले.

मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी समजावलं, औषधानेही असे भास होतात, पण गोळी एकदम बंद करायची नाही, हळूहळू उतरवू.
उतरवली. पाहुणे गेले.
आणि काका लाकडासारखे झाले.

डोकं मात्र साफ होतं. एकदा मी कुशीवर वळवत होते, तेव्हा अगदी बारीक आवाजात म्हणाले,
"ती माणसं आली तरी चालतील. मला उठव."

काकू दारातच होत्या.
"नको बाय. मग ते मला ओळखत नाय."

दोघांचंही खरं होतं. आणि मी मध्ये, हातात स्ट्रिप घेऊन.

डॉक्टरांनी मधला डोस करून पाहिला, औषध बदलून पाहिलं. कधी शरीर हाती लागायचं, कधी मन. दोन्ही एकदम नाही.

मग गिळणं गेलं. सरळ बसवून, हनुवटी खाली घेऊन, चमच्याचमच्याने भरवायचं. तरी ठसका लागायचाच. शेवटी न्यूमोनिया झाला आणि हॉस्पिटलात न्यावं लागलं.
आज सकाळी तिथेच गेले.

मी पोचले तेव्हा काकू बाकावर बसल्या होत्या. रडत नव्हत्या.
"गोळी वाढवायला हवी होती का गं?"
मला माहीत नाही. तसंच सांगितलं.

थोड्या वेळाने म्हणाल्या, "काल त्यांनी माझा हात धरलेला. घट्ट. म्हणजे ओळखलं ना मला?"

शेवटी शेवटी काकांची बोटं आपोआप आखडून मिटायची. हातात काहीही दिलं तरी.
मी हो म्हटलं.

हरीकाका, तुम्हाला शेवटचा नमस्कार.