माझ्या मापाची बंदूक

दसऱ्याला माहेरी जाताना माझ्या पिशवीत मिठाईच्या खोक्याशेजारी मशीनच्या तेलाची बाटली आणि जुन्या बनियनच्या चिंध्या असतात. करंजाड्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये हे कुणाला सांगून खरं वाटत नाही. माहेरी, कोन गावात, बाबांची दुनळी बंदूक आहे, पीक राखायच्या परवान्यावरची. दसऱ्याच्या पूजेआधी ती साफ करायचं काम शाळेत असल्यापासून माझं. दादाचं ते कधीच नव्हतं. त्याला आवाजच सोसत नाही, दिवाळीत तो कानात बोटं घालून आतल्या खोलीत बसायचा.

मागच्या दसऱ्याला मी पोचले तर बंदूक आधीच पाटावर मांडलेली. नळ्या आतून लखलखीत, दस्त्याच्या लाकडाला तेलाचा हलका हात फिरवलेला, बाजूला झेंडूची माळ तयार.

"ताई, मी कालच साफ करून ठेवली," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. "म्हटलं, तुम्ही दमून याल."

करंजाड्याहून कोनला रिक्षाने येऊन कोण दमतं? मी बंदूक उचलली, सांध्यात मोडून उघडली आणि नळीला डोळा लावून कुठे गंजाचा ठिपका दिसतो का ते बघितलं. आमच्याकडे खाडीचा वारा येतो, लोखंड पंधरवडाभर विसरलात तरी तांबडं पडतं. एक तरी ठिपका असायला हवा होता. नव्हता, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

वहिनी कल्याणची, नोकरदारांच्या घरातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला भाताचं रोप आणि गवत यातला फरक कळत नव्हता, आणि मी ते चारचौघांत सांगून भरपूर हसून घेतलं होतं. मग आमची बरीचशी जमीन संपादनात गेली आणि महामार्गापलीकडचा एक तुकडा राहिला. दादा म्हणाला विकून टाकू. वहिनी म्हणाली, मी करते. ट्रॅकसूटची पँट दुमडून ती चिखलात उतरली. आता लावणी तीच बघते, रानडुकरांनी बांध उकरला की तीच बुजवते. त्यात भर म्हणजे कॉलेजात एनसीसीत तिला नेमबाजीचं पदक मिळालेलं. बाबा हे येणाऱ्या-जाणाऱ्याला चहाबरोबर सांगतात. माझं कौतुक सांगायला पदक नाही, म्हणून ते कुणी सांगत नाही.

पण बंदूक बाबांनी शिकवली ती मला. तरुणपणी ते खाडीवर बदकं मारायला जायचे, पहाटे गुडघाभर गाळात उभे राहायचे. पुढे शिकारबंदीचा कायदा आला आणि पाखरावर नेम धरायचं त्यांनी कायमचं सोडलं. नंतर बंदूक निघायची ती भात तयार झाल्यावर, डुकरं हुसकायला हवेत बार काढण्यापुरती. मला त्यांनी बांधावर पत्र्याचे डबे मांडून शिकवलं. दुसऱ्याच्या हातात देताना बंदूक आधी मोडायची, नळ्या रिकाम्या आहेत हे त्याला दाखवायचं आणि मगच द्यायची. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवायची नाही, ओल धरते. काडतुसांच्या डब्यात भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवायची. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची आणि परत आणल्यावर पहिल्यांदा तिची नळी बघायची, कारण तिकडे तिला तेल कोण लावणार? ठाण्यात जाताना एसटीत खिडकीजवळ बाबा, मध्ये म्यानात बंदूक आणि कडेला मी. त्या दिवशी मला सगळ्या एसटीने बघावं असं वाटायचं.

पहिल्यांदा खांद्याला लावली तेव्हा गाल आपोआप लाकडावर टेकला आणि नळीच्या टोकावरची माशी, नेम धरायचा तो बारीक मणी, डोळ्यासमोर आली. पहिल्याच बाराला डबा उडाला. बाबा म्हणाले, "जन्माचा हात हाय तुजा." ते वाक्य मी आजवर जपून ठेवलं आहे. उलट बाबांचाच हात त्या सुमारास बिघडला. बार काढून आले की वरचा ओठ सुजलेला असायचा, कधी नाकाला खरचटलेलं. गावात लोक म्हणायचे, म्हातारा झाला. मीही हसायचे. "बाबा, बंदूक तुम्हाला चावते," असं म्हणायचे.

आता त्यांचा हात थरथरतो आणि डोळ्याचं ऑपरेशन झालंय. परवाना वारसाच्या नावावर करता येतो, मुलाच्या, मुलीच्या, सुनेच्यासुद्धा, हे कळलं तेव्हा मी मनातल्या मनात तो घेऊनही टाकला होता. नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "आपल्या फ्लॅटवर हल्ला करतात ते डास. त्यांना कॉइल पुरते." सोसायटीच्या सेक्रेटरीचा चेहरा डोळ्यासमोर आणून तो बराच वेळ हसत होता. मी हसले नाही. मला ती बंदूक हवी होती. चालवायला नकोच होती. ती माझी आहे हे सगळ्यांना कळायला हवं होतं, एवढंच.

पूजा झाली. बाबांनी नळीवर आपट्याचं पान ठेवलं, नमस्कार केला आणि सरळ बोलून मोकळे झाले. "बंदूक सुनेच्या नावावर करतो. अर्ज तयार हाय."

दादा मोबाईलमध्ये होता. वहिनी माझ्याकडे बघत होती.

"आणि मी?" मी म्हटलं.

"तुला कशाला, बाय? परवाना पिकाचा. तुज्याकडं पीक कुठला? कुंडीतली तुळस?"

बोलणं खरं होतं. खऱ्या बोलण्याने पोटात दुखायचं थांबत नाही. इतकी वर्षं मी चिंध्या आणि तेल घेऊन येत होते आणि कालची आलेली ही सगळं घेऊन चालली. घर तिचं, शेत तिचं, माझा बापसुद्धा तिचा. आता बंदूकही!

"लाव बघू खांद्याला," बाबा तिला म्हणाले. परवान्याशिवाय तिने ती आजवर खांद्याला लावली नव्हती, असल्या बाबतीत ती फार काटेकोर. नळ्या रिकाम्या असल्याची तिने दोनदा खात्री केली आणि अंगणात भिंतीकडे तोंड करून बंदूक वर उचलली.

वहिनी उंच आहे. दस्ता खांद्याला टेकला आणि मुठीवरचा तिचा अंगठा जाऊन नाकावर आपटला. तिने मान मागे घेतली तर गाल लाकडावर बसेना. पुन्हा उचलली, पुन्हा तेच. पदकवाली बाई बंदुकीशी झटापट करत होती आणि मला आतून अशा काही उकळ्या फुटत होत्या की पाण्याचा ग्लास तोंडाला लावून हसू लपवावं लागलं.

"द्या इकडे," मी म्हटलं. घेतली, वर उचलली. गाल लाकडावर, माशी डोळ्यासमोर. इतक्या वर्षांनीसुद्धा जशीच्या तशी. "वहिनी, पदकाने होत नाही हे. हातात असावं लागतं."

बाबा हसायला लागले. हसत हसत आत गेले. ट्रंकेचं झाकण वाजलं. परत आले तेव्हा हातात जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते उलगडलं. लाकडाचा तुकडा होता, चार बोटं जाडीचा, एका बाजूला करवतीचा काप. त्याचा रंग आणि रेघा ओळखायला मला वेळ लागला नाही. आमच्याच दस्त्याचं ते टोक.

"हातात नाय, ह्याच्यात हाय ते," बाबा म्हणाले. "तुजे हात आखूड. दस्ता तुज्या काखेत अडकला असता. मग कापून घेतला."

"तुम्ही तर म्हणाला होतात, वाळवी लागली म्हणून कापला."

"पोरीसाठी बंदूक कापली म्हटला असता तर गाव हसला असता. वाळवीला कुनी हसत नाय."

मी बंदूक खांद्यावरून खाली घेतली. म्हणजे जन्माचा हात वगैरे काही नव्हतं. आणि बाबांचा सुजलेला ओठ, खरचटलेलं नाक, म्हातारा झाला म्हणून हसणारं गाव. माझ्या मापाची बंदूक ते पुढे सगळं आयुष्य मान वाकवून चालवत राहिले. एक शब्द बोलले नाहीत. मी मात्र बंदूक तुम्हाला चावते म्हणून खिदळत होते.

ती बंदूक त्या क्षणी जितकी माझी होती तितकी कधीच नव्हती. आणि त्याच क्षणी बाबा स्क्रू ड्रायव्हर शोधत होते, कारण त्यांना तो तुकडा सुनेसाठी परत बसवायचा होता.

दस्त्याच्या बुडाची पट्टी त्यांनी काढली, तुकडा जागेवर धरला. तेवढी वर्षं ट्रंकेत पडूनही तो चपखल बसला. लांब स्क्रू आणलेले होते, म्हणजे हे त्यांनी आधीपासूनच ठरवलेलं होतं. पण हात थरथरत होता. स्क्रू ड्रायव्हरचं टोक खाचेत जाईना, लाकडावर ओरखडे पडायला लागले. त्यांनी तो माझ्यापुढे केला.

"तूच लाव. तुलाच येतं."

मी हललेच नाही. सगळं द्यायचं आणि वर मीच ते तिच्या मापाचं करून द्यायचं? बाप झाला म्हणून काय झालं?

वहिनीने माझा चेहरा वाचला असावा. ती हळूच म्हणाली, "ताई, राहू द्या ना. आहे तशीच चालेल मला. मी मान वाकवून धरीन."

ते ऐकलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घर घे, शेत घे, परवाना घे. पण माझ्यासाठी कापलेल्या बंदुकीपुढे मान वाकवली ती एका माणसाने. त्या जागेवर मी दुसऱ्या कुणाला उभं राहू देणार नव्हते.

"मान वाकवायची नाही," मी म्हटलं. "ओठ सुजतो."

मी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि अंगणात मांडी घालून बसले. वहिनीने नळ्या धरल्या, बाबांनी तुकडा दाबून धरला. दोन्ही स्क्रू मी अगदी पक्के पिळले, हात दुखेपर्यंत, पुन्हा कुणी सैल करू शकणार नाही इतके. पट्टी वर बसवली. सांध्यावर बोट फिरवलं, तर रेघ जेमतेम लागत होती. पिशवीतून माझी तेलाची बाटली काढली आणि तेवढ्या सांध्याला तेल लावलं. त्या दिवशी तिचा उपयोग एवढाच झाला.

मग उभी राहिले आणि सवयीने बंदूक खांद्याला लावायला गेले. दस्ता ओढणीत गुंतून काखेत अडकला. पुन्हा उचलली, पुन्हा अडकला. माशी कुठेतरी दूर राहिली आणि गाल लाकडापर्यंत पोचला नाही.

बाबा दुसरीकडे बघत होते. मी बंदूक मोडली, नळ्या रिकाम्या असल्याचं वहिनीला दाखवलं आणि तिच्या हातात दिली.