भोकात तुटलेला टॅप

दुपारपासून चिडलोय, म्हणून इथे लिहितो.

विहिरीवरच्या पंपाला बोल्ट बसेना, भोकातले आटे झिजले होते. शेतीची लाईन, म्हणजे वीज, दुपारपर्यंतच असते आणि मिरचीची रोपं माना टाकत होती. मग आटे पाडायचा टॅप घेऊन मीच बसलो. टॅप अर्धा फेरा पुढे न्यायचा, थोडा मागे घ्यायचा, म्हणजे आतला कीस तुटतो. काम हळूहळूच होतं.

शेजारच्या वावरातले दादा मधल्या धुऱ्यावरून, बांधावरून, आले. "काय बे, पुढं कमी अन् मागंच जास्त जाऊन राह्यला! लाईन जाईन ना. हाण एका दमात!"

तसं करायचं नसतं हे माहीत होतं. तरी हाणला. कट्ट आवाज झाला आणि टॅप भोकातच तुटला. आता पंप खोलून मालेगावला न्यावा लागेल. रोपं आज कोरडीच.

मी भडकलो, "तुमीच म्हनलं ना, हाण!"

"म्हनलं ना. पन तुले समजत होतं, त माह्यं आयकलं काहून?"

घाई मलाच झाली होती आणि दादांचं निमित्त मिळालं, असं तर नसेल? तुमचं होतं का असं?