साहेबांच्या गाडीचा हॉर्न

नर्स देवयानी कर्णिक एखादं काम सावकाश करेल तर शपथ! नोएडाच्या नव्या फ्लॅटमधून निघायची, धावती बस पकडायची आणि डॉक्टरांच्या आधी दिल्लीच्या हॉस्पिटलात हजर. अशा बाईला शहाण्णव साली काम काय मिळावं? तर पेशंटना हळू उठायला शिकवायचं.

मनाच्या आजाराच्या काही गोळ्यांनी बीपी उतरतं. माणूस झटकन उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधारी. म्हणून आधी पावलं हलवा, मिनिटभर थांबा, मग काहीतरी धरून उठा, पाणी पीत राहा. ऐकायला सोपं. पण सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधले विलास धारप पडले सरकारी कारकून. बावीस वर्षं साहेब आत आले रे आले की हे स्प्रिंगसारखे उभे. दोनदा फायलींसकट आडवे झाले. ऑफिसात कुजबुज, धारप सकाळीच लावून येतात.

मग त्यांनी गुपचूप गोळी अर्धी केली. जुने आवाज परत ऐकू यायला लागले, तशी बायको विनया त्यांना ओढतच घेऊन आली. डॉक्टरांनी तपासून पूर्ण गोळी पुन्हा सुरू केली आणि त्यांना देवयानीच्या हवाली केलं.

देवयानी स्वतःच साहेब झाली. दारातून ऐटीत आत आली. विलासराव ताडकन उभे, आणि लगेच भिंतीला हात. तीनदा तेच. विनयाला हसू आवरेना.

"अहो, मला काय घाबरता? माझा नवरासुद्धा घाबरत नाही."

"सिस्टर, साहेब समोर असताना बसून राहणं माझ्यानं व्हायचं नाही. त्यापेक्षा गोळीच सोडतो."

देवयानी कधी नव्हे ती खुर्ची ओढून बसली. मग तिने चौकशी केली. साहेब आल्याचं कळतं कसं? गेटवर गाडीचा हॉर्न वाजतो. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट कायम बंद, आणि साहेबांचं पोट मोठं.

"मग हॉर्न वाजला की पावलं हलवायला लागा. ते जिना चढेपर्यंत तुम्ही टेबल धरून आरामात उभे."

महिन्याने विलासराव आले. गोळी पूर्ण, एकदाही पडले नव्हते. साहेबांनी सगळ्यांदेखत कौतुक केलं होतं, की धारप मी यायच्या आधीच उभे असतात. आता सगळं सेक्शन त्यांना चमचा म्हणत होतं.

"वाईट वाटतं?"

"बिल्कुल नाही. बेवड्यापेक्षा चमचा बरा."

निघताना त्यांनी आधी पावलं हलवली. देवयानीची बस सुटायची वेळ झाली होती. तरी ते नीट उभे राहीपर्यंत ती जागची हलली नाही.